धाकटीच्या पाटीतलं भोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली ते आमचे माजी संपादक. व्यासपीठावर विराजमान असलेले मासिकाचे मालक. छपाई विभागाचे प्रमुख. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते आमचे मिस्त्री. आणि समोर बसलेले आजी-माजी सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, जुने वाचक आणि मित्रहो,

सूत्रसंचालकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आहे. तीत लिहिलंय, सात मिनिटं, आणि खाली 'हलकंफुलकं असावं'. सात मिनिटं माझ्याच्याने पाळली जाणार नाहीत आणि खालची सूचनाही जमेल असं वाटत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते. शेवटी मागायची आहे ती वेगळी.

नव्या मंडळींनी मला पाहिलेलं नसेल. मी तक्ताबाई. माझं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरलं गेलं असेल तर मला आठवत नाही. बाजारात येणाऱ्या, आणि बऱ्याचदा न येणाऱ्या, यंत्रांच्या तुलनेचे तक्ते मी करायचे. डावीकडे एका कंपनीचं, उजवीकडे दुसरीचं. मध्ये वजन, जाडी, पडदा, बॅटरी. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते तक्ते कापून खिशात ठेवले असतील. असं कुणी सांगितलं की मला पूर्वी फार बरं वाटायचं.

मिस्त्री आमच्याकडे आले ते फडताळाचं दार बसवायला. एका सकाळचं काम होतं. त्या दिवशी अध्यक्ष महोदय आणि दोन उपसंपादक यांच्यात कडाक्याचा वाद चालला होता. एका कंपनीचा नवा टॅब्लेट सहाशे ऐंशी ग्रॅमचा असणार अशी बातमी होती आणि एवढं वजन हातात धरून माणूस वाचू शकेल का, यावर तिघे तावातावाने भांडत होते. टॅब्लेट कुणीच पाहिलेला नव्हता. मिस्त्री बिजागरी बसवत ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी दार पुरं करायला आले तेव्हा पिशवीतून त्यांनी एक काळी रंगवलेली लाकडी फळी काढली. आत शिशाचे तुकडे भरून वजन बरोबर सहाशे ऐंशी केलेलं होतं. म्हणाले, "भांडताय कशाला, धरून बघा."

अध्यक्ष महोदय, तुम्ही ती धरून वाचायला बसलात आणि विसाव्या मिनिटाला घोरायला लागलात. मंडळी, हसू नका; अध्यक्ष महोदय, तुम्हीही हसताय. त्या घोरण्यावरून आम्ही छापलं की वजन सोसण्याजोगं आहे. आणि मिस्त्रींना नोकरी मिळाली.

तेव्हापासून अफवेतला प्रत्येक टॅब्लेट जगात येण्याआधी आमच्या कार्यालयात लाकडाचा होऊन यायचा. आम्ही त्याला पाटी म्हणायचो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे गोल करून बसायचे आणि पाट्या हातोहात फिरायच्या. कोपरा तळव्यात टोचतो का, अंगठा मध्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहायचं. ज्या कंपन्यांची आम्ही तुलना करायचो त्यांची नावं त्या बैठकीत घेत नसू. एक थोरली आणि एक धाकटी. थोरली म्हणजे जिचा दबदबा, धाकटी म्हणजे जी थोरलीच्या खोड्या काढायची. मीही ती नावं आज घेणार नाही. यातला दोष त्या दोघींपैकी कुणाचाच नाही.

मित्रहो, आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्या तक्त्यात दोन खुणा असायच्या. नुसतं कानावर आलेलं असेल तर पोकळ गोल. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून तीच गोष्ट कळली तर भरीव गोल. नियम मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. वाचक पत्रात लिहायचे, तुमचा भरीव गोल म्हणजे दगडावरची रेघ.

हे गोल मोठ्याने वाचायचं काम मिस्त्रींच्या पत्नी करायच्या. आमच्या सगळ्यांच्या वहिनी. मुद्रितं तपासताना एकीने मूळ प्रत वाचायची आणि दुसरीने छापलेल्या कागदावर बोट फिरवायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. चौदा वर्षं आम्ही दोघी एका टेबलाशी समोरासमोर बसलो. "वजन. थोरली, भरीव. धाकटी, पोकळ. बॅटरी. थोरली, पोकळ." आवाज स्वच्छ, किंचित नाकातला, कुठे चढायचा नाही, कुठे पडायचा नाही. शेजारच्या खोलीतले लोक दार उघडं ठेवायचे. एक टंकलेखक म्हणायचे, बाईंनी आमच्या घरचा वाणसामानाचा कागद वाचला तरी मी ऐकत बसेन.

एका दुपारी त्या 'भरीव' म्हणाल्या आणि शब्द तोंडात विरघळला. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "दाढ काढल्यापासून जीभ रुसलीय." दाढ काढून तेव्हा महिना झाला होता. मला ते माहीत होतं, तरी मी मान डोलावली.

तो आजार काय ते डॉक्टरांनी पुढे सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या शिरा एकेक करून वाळत जातात. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. वहिनींची आधी जीभ जाणार होती आणि मागोमाग हात. रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मिस्त्रींना समोर बसवून सांगितलं की आवाज तीन-चार महिने टिकेल. म्हणाल्या, आमच्याकडे एक यंत्र आहे, त्यात रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून ठेवा. पुढे बटण दाबलं की ते वाक्य त्यांच्याच आवाजात बोलेल. पण भरायला कित्येक आठवडे लागतात, एका यंत्रात भरलेलं दुसऱ्यात जात नाही, आणि त्यांच्या अंगात एकदाच भरण्याइतकं बळ आहे. तेव्हा काय ते लवकर ठरवा.

यंत्र बटणांचं होतं. वहिनींचे हात जाणार होते. हे मिस्त्रींच्या लक्षात आलं, आणि ते घरी येऊन आमचं मासिक उघडून बसले.

त्या अंकात माझा तक्ता होता. थोरलीचा आणि धाकटीचा, दोन्ही न आलेले टॅब्लेट. त्यात एक ओळ अशी होती: समोर दुसरा कॅमेरा, डोळ्यांची हालचाल ओळखणारा; नुसतं पाहून बटण दाबता येईल; आवाज भरून ठेवण्याची सोय. थोरलीपुढे काही नाही. धाकटीपुढे भरीव गोल. येण्याचा काळ, चार महिने.

मिस्त्रींनी मला विचारलं नाही. का विचारतील? पत्नीने चौदा वर्षं जे गोल मोठ्याने वाचले, त्यांच्यासारखाच तो एक होता. वहिनींनीही तो पाहिला आणि तेव्हा जेवढं बोलता येत होतं तेवढ्यात म्हणाल्या की थांबू या. दोघांनी मिळून ठरवलं.

तिसऱ्या रांगेत उजवीकडे मिस्त्रींची लेक बसली आहे. तिच्याकडे वळून पाहू नका, कृपा करा. सहा वर्षं ती वडिलांच्या घराची पायरी चढलेली नाही. आज ती इथे आली ती मी पत्र पाठवलं म्हणून. तेव्हा ती परगावी नोकरीला होती आणि रोज फोन करून सांगायची की रुग्णालयातल्या यंत्रात आईचा आवाज भरून घ्या, उद्याच सुरू करा. वडील म्हणायचे, चार महिने धीर धर, याहून चांगलं येतंय.

वहिनींचा आवाज साडेतीन महिन्यांत गेला. धाकटीचा टॅब्लेट सातव्या महिन्यात आला. त्याला समोर एकच कॅमेरा होता.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. त्यांच्या आवाजाचा एक तुकडाही कुणाजवळ नाही. एका लग्नाच्या चित्रफितीत त्या बोलताना दिसतात, पण वरून गाणं लावलेलं आहे. दिवस झाल्यावर लेक वडिलांना एकच वाक्य म्हणाली, "तुमच्या फळ्यांच्या नादात आईचा आवाज घालवलात." ती बॅग उचलून गेली. मी तिथे होते, दाराशी चपला घालत होते, आणि चपला घालून निघून आले. मला तेव्हा सगळं माहीत होतं.

काय माहीत होतं, ते आता सांगते. अध्यक्ष महोदय, तुम्हीही हे आज पहिल्यांदा ऐकणार आहात.

टॅब्लेट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "तो गोल भरीव होता ना?" मी म्हणाले, हो, तीन ठिकाणांहून खात्री केली होती. ते बरं म्हणाले आणि गेले. आणि मी ती तीन ठिकाणं पुन्हा शोधायला बसले. दोन दिवस लागले. पहिलं ठिकाण एक परदेशी मासिक. त्यांनी ते घेतलं होतं एका व्यापारी पत्रिकेतून. दुसरं ठिकाण तीच व्यापारी पत्रिका. तिसरं एक दुकानदारांचं माहितीपत्रक, तेही तिच्यातूनच उचललेलं. आणि त्या व्यापारी पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही माहिती एका मासिकातल्या छायाचित्रावरून घेतली आहे. ते मासिक आपलं होतं.

त्या तक्त्याच्या तीन महिने आधीच्या अंकात मिस्त्रींनी केलेल्या धाकटीच्या पाटीचं छायाचित्र आम्ही छापलं होतं. त्या पाटीला वरच्या कडेजवळ एक बारीक गोल भोक होतं. छायाचित्राखाली ओळ लिहायची वेळ आली तेव्हा मी ते भोक पाहिलं. मिस्त्रींची टॅब्लेटची पाकिटं शिवणाऱ्या कारखान्यांत ओळख होती, पुष्कळदा तिथून त्यांना आकार आधी कळायचा. मला वाटलं, यांना काहीतरी समजलंय. विचारावं म्हणून त्यांच्या खोलीत गेले तर खोलीला कुलूप. त्या दिवशी ते वहिनींना पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. अंक संध्याकाळी छपाईला जायचा होता, आणि छायाचित्राखाली पाच-सहा शब्दांची जागा मोकळी दिसत होती. मी लिहिलं, 'समोर बहुधा दुसरा कॅमेरा, डोळे ओळखणारा'. डोळे ओळखणारा हे कुठून आणलं? अशा कॅमेऱ्याबद्दल मी आदल्या आठवड्यात काहीतरी वाचलं होतं, एवढंच. पुढे बाहेरच्यांनी त्यात आवाज भरण्याची सोयही घातली. अफवा दारोदार फिरली, अंगाने भरली आणि आमच्याकडे परत आली. मी तिला ओळखलं नाही. मोजून तीन म्हटलं आणि गोल भरला.

मग मी फडताळ उघडून ती पाटी काढली. हे तेच फडताळ, ज्याचं दार मिस्त्रींनी बसवलं. भोक उजेडात धरून पाहिलं. त्याच्या कडा ड्रिलने पाडल्यासारख्या नव्हत्या. ती लाकडातली गाठ होती. वाळून निसटली होती.

त्या तक्त्याच्या अंकाची मुद्रितं आम्ही मोठ्याने वाचली नव्हती, हेही सांगायला हवं. वाचणाऱ्या वहिनी आजारपणामुळे घरी होत्या. मी एकटीने मनातल्या मनात वाचली.

शुद्धिपत्र छापता आलं असतं. तो टॅब्लेट तर येऊन गेलाय, आता कोण विचारतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण मी तुमच्यासमोर बोलते: दगडावरची रेघ म्हणणारे वाचक मला गमवायचे नव्हते. एवढ्यासाठी एक बाप आणि एक लेक सहा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत आणि मी दर महिन्याला नवा तक्ता करत राहिले.

गेल्या रविवारी मी मिस्त्रींच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी कामाचं टेबल, त्यावर रंधा. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे. गाठ माझ्याच हातून निसटली होती. मेण भरायचं राहिलं, त्या दिवशी दवाखान्याची घाई होती."

टॅब्लेट आला त्याच संध्याकाळी, जुन्या अंकातलं छायाचित्र काढून पाहिल्यावर, त्यांना कळलं होतं. आपल्याच पाटीवरचं भोक आपल्याच घरी बातमी होऊन आलं, आणि आपण त्याच्यावर विसंबलो. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले होते ते मी काय म्हणते ते ऐकायला.

मी विचारलं, मग लेकीला का नाही सांगितलंत? ते रंध्याचं पातं पुसायला लागले. मग जे म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगते. "काय सांगू? तुझ्या आईचा आवाज लाकडाच्या गाठीपायी गेला म्हणून? तिला रागवायला बाप तरी आहे. गाठीवर कोण रागावणार?"

आणि त्यांनी मला बजावलं की यातलं अक्षरही समारंभात काढायचं नाही. मी हो म्हणाले. मिस्त्री, मी शब्द मोडलाय. खाली बसा. बसा, माझं संपत आलंय.

त्या घरात भिंतीला टेकवलेली आणखी एक पाटी मी पाहिली. ती आमच्या कार्यालयात कधी आली नव्हती. पातळ लाकूड, त्यात सगळी अक्षरं आरपार कापलेली आणि मधोमध खिडकीएवढी मोकळी जागा. मिस्त्री ती दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायचे. वहिनी एका अक्षराकडे पाहायच्या, समोरून मिस्त्री डोळे कुठे गेले ते पाहायचे आणि ते अक्षर मोठ्याने म्हणायचे. वर्षभर दोघांचं बोलणं असं चाललं. नुसतं पाहून बोलता येणारी पाटी त्या घरात झाली होती. तीत आवाज तेवढा मिस्त्रींचा होता.

धाकटीचा टॅब्लेट घरी आला तेव्हा त्यांनी तो वहिनींसमोर धरला होता. वहिनींनी त्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. मग अक्षरांच्या पाटीकडे पाहून एकच शब्द सांगितला, पोकळ. मिस्त्री म्हणाले, "तिने तुमचं मुद्रित तपासलं, बाई." हे सांगताना ते हसले. मला हसता आलं नाही.

जिने चूक पकडली ती गेली, आणि शुद्धिपत्र छापायचं राहिलं. तेव्हा आज ते वाचते. वहिनींसारखं वाचता येणार नाही, पण मोठ्याने वाचते. अंक सात वर्षांपूर्वीचा. तक्ता माझा. समोर दुसरा कॅमेरा, डोळे ओळखणारा. धाकटी, पोकळ. आधीही पोकळच होता.

बाळ, तुला काय म्हणून हाक मारावी ते मला कळत नाही. तू लहान असताना माझ्या टेबलाखाली बसून माझी शाई सांडायचीस, त्या ओळखीने म्हणते. तुझे वडील फळ्यांच्या नादात नव्हते. त्यांना वाचता येत होतं आणि मी छापलेलं त्यांनी खरं मानलं, यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. तुला रागवायला माणूस लागतो असं ते म्हणतात. त्यांचं बरोबर असेल. तो माणूस मी आहे. माझा पत्ता पत्राच्या मागे लिहिलेला आहे. कधीही ये, काहीही बोल, मी दार उघडेन. आत्ता उठून जायचं असेल तर दार डाव्या हाताला आहे, कुणी अडवणार नाही. थांबायचं असेल तर तुझ्या वडिलांच्या शेजारची खुर्ची मी सूत्रसंचालकांना मुद्दाम रिकामी ठेवायला लावली आहे. मगापासून तिथे कोण बसणार म्हणून लोक मला विचारताहेत.

टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेलं खोकं आहे, आपल्या सगळ्यांकडून मिस्त्रींना भेट. आत काय आहे ते त्यांना कळलंय. मघाशी सरकवताना ते "चारशे सत्तर ग्रॅम" असं पुटपुटले, मी ऐकलं. वर्गणी मीही दिली. मिस्त्री, ते घरी नेऊन उघडलं नाहीत तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही. त्याच्याशेजारी मी माझ्याकडून ही धाकटीची पाटी ठेवते. सात वर्षं माझ्या खणात होती. भोकात मी मेण भरलेलं नाही.

टाळ्या नकोत, कृपा करा.

मला बोलायची संधी दिली म्हणून अध्यक्ष महोदयांचे, मालकांचे आणि ही चिठ्ठी देणाऱ्या सूत्रसंचालकांचे मी मनापासून आभार मानते. मानाचा क्रम चुकला असेल, वेळ फार घेतला, चांगल्या समारंभाचा रंग घालवला, त्याबद्दल आपण सर्वांनी मला मोठ्या मनाने क्षमा करावी. त्या एका गोलाची क्षमा मात्र या सभागृहाच्या हातात नाही. ज्यांच्या हातात होती त्यांना ती बोलून दाखवायला आवाज राहिला नाही. आणि आता जिच्या हातात आहे, तिने माझ्यासाठी घाई करू नये.

नमस्कार.